बक्षीस केव्हां द्यावें?

आपल्या परभणीकडील लाल कंधारी जातीचा एखादा गोऱ्हा प्रथमच जुवाखालीं आणावयाचा आहे, असें समजा. त्यानें मान घातली, त्याच क्षणीं गुळाचा खडा तोंडांत गेला, तर तो लवकर शिकेल. तोच खडा सायंकाळीं दावणीला दिला, तर गूळ आनंदानें खाईल; परंतु सकाळच्या जुवाशीं त्याचा संबंध त्यास उमगणार नाहीं.

१८९८ सालीं अमेरिकेंत थॉर्नडाइक ह्यांनीं भुकेलीं मांजरें पेटींत कोंडून असें दाखविलें कीं, ज्या हालचालीनें दार उघडून अन्न मिळतें ती हळूहळू दृढ होते. पुढें १९४८ मध्यें ग्राइस ह्यांनीं उंदरांस काळा व पांढरा मार्ग ओळखावयास शिकविलें. निवडीबरोबर खाऊ मिळालेले उंदीर लौकर शिकले. दहा सेकंद उशिरा मिळालेल्यांपैकीं कांहीं तर हजाराहून अधिक प्रयत्नांनींहि शिकले नाहींत. दहा सेकंद! तेवढ्यांत प्राणी हुंगतो, वळतो, कान हलवितो. बक्षीस कोणत्या कृत्याचें, हें त्यानें कसें ओळखावें?

पण ह्याहून मनोवेधक गोष्ट पुढेंच आहे. १९८३ मध्यें केंब्रिज येथील डिकिन्सन व त्यांचे सहकारी ह्यांनीं कांहीं उंदरांस दांडी जितकी अधिक दाबावी तितक्या अधिक साखरेच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांस मात्र थोडा काळ लोटल्याखेरीज गोळी मिळत नसे. मध्यें कितीहि दाबलें तरी व्यर्थ. मग त्या गोळ्यांची किळस यावी अशी योजना केली. पहिल्यांनीं दांडी दाबणें कमी केलें. दुसरे पूर्ववत् दाबीत राहिले. पहिल्यांच्या दृष्टीपुढें फळ होतें. दुसऱ्यांस नुसती संवय जडली होती.

हाच कस आपल्या बैलास लावून पाहा. बाजारांत विकलेला बैल दावें तोडून जुन्या धन्याच्या गोठ्यापुढें येऊन उभा राहतो. मायेनें आला, असें आपण म्हणतों. आणि माया नाहींच, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. परंतु नव्या घरीं पोटभर कडबा खाऊनहि तो आला असेल, तर वैरणीच्या आशेनें नव्हे, पायांच्या संवयीनें आला असें मानण्यास जागा आहे. उपाशी आला असेल, तर निकाल देतां येत नाहीं.

जुना धनी मात्र हा हिशेब करीत नाहीं. त्याचे डोळे भरून येतात. तो बैलास पाणी दाखवितो, पेंडीचा घांस देतो, पाठीवरून हात फिरवितो, आणि मग त्यास परत पोंचवावयास निघतो. म्हणजे पळून येण्याचें बक्षीस त्यानें अगदीं वेळेवर दिलेलें असतें.