खंडाने घेतलेली क्रमवारी

व्यावसायिक टेनिसची सर्वसामान्य वाचकाला असलेली ओळख बहुधा विम्बल्डनच्या हिरवळीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. परंतु महिलांच्या जागतिक क्रमवारीत ज्या हजारापेक्षा जास्त खेळाडूंची नावे असतात, त्यांतील बहुसंख्य खेळाडूंना ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे वर्षातील चार सर्वोच्च स्पर्धांपैकी एकीच्याही, मुख्य फेरीत कधी उतरता येत नाही, आणि तरीही त्या पूर्णवेळ टेनिसपटूच असतात. या खालच्या पायऱ्यांवरच्या कारकिर्दीचे स्वरूप समजून घेण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्याला दूर जावे लागत नाही. टेनिसपटू ऋतुजा भोसले यांचा जन्म २७ मार्च १९९६ रोजी याच जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे झाला. रेल्वेच्या वेळापत्रकात आजही ‘बेलापूर’ याच नावाने ओळखले जाणारे हे उसाच्या पट्ट्यातील गाव क्रीडाविश्वाला ठाऊक आहे ते मुख्यतः वेगवान गोलंदाज झहीर खान यांच्यामुळे. या दोन खेळांची तुलना येथे अप्रस्तुत नाही, कारण रणजी संघात निवड झालेल्या क्रिकेटपटूचा प्रवास, निवास व मानधन यांची जबाबदारी त्याची संघटना घेते, तर टेनिसपटू, देशाच्या संघातून खेळण्याचे आठवडे सोडता, स्वतःच स्वतःची संघटना असतो.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे क्रमवारी. प्रत्येक स्पर्धेत गाठलेल्या फेरीनुसार गुण मिळतात. मात्र ते बावन्न आठवडेच टिकतात आणि मुदत संपली की आपोआप वजा होतात. खंडाने घेतलेल्या जमिनीचा करार जसा दरसाल नव्याने करावा लागतो, तसे हे आहे: गेल्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा पहिल्याच फेरीत गमावली, तर खेळाडूचा खेळ कदाचित तेवढाच राहतो, पण क्रमांक घसरतो आणि क्रमांकाबरोबर पुढच्या स्पर्धांचे दरवाजेही बंद होतात. दुखापतीने सहा महिने घरी बसलेल्या खेळाडूला म्हणूनच शरीराइतकीच काळजी दिनदर्शिकेची असते.

सर्वांत खालची पायरी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, छोट्या स्पर्धांची आहे. महिलांच्या स्पर्धांना ‘डब्ल्यू १५’, ‘डब्ल्यू ३५’ अशी नावे असतात आणि त्यांतील आकडा एकेरीच्या विजेतीला क्रमवारीचे किती गुण मिळतात हे सांगतो. एकूण पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धेत एकेरीच्या विजेतीला अडीच हजार डॉलरपेक्षा कमी रक्कम मिळते, पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, आणि त्यातूनही कर कापला जातो. याउलट २०२४च्या अमेरिकन ओपनमध्ये मुख्य फेरीतील पहिलाच सामना हरणाऱ्या खेळाडूलाही एक लाख डॉलर मिळत होते. गुणांचीही तीच तऱ्हा: डब्ल्यू १५ स्पर्धा जिंकल्यास १५ गुण आणि ग्रँड स्लॅम जिंकल्यास २,०००.

आयटीएफने २०१३च्या आकडेवारीवरून केलेल्या पाहणीत असे आढळले, की प्रशिक्षकाचा खर्च वगळूनही महिला खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च सुमारे ४०,००० डॉलर होता आणि एकेरीत जमाखर्चाची तोंडमिळवणी करू शकणाऱ्या महिला जगभरात केवळ २५३ होत्या. म्हणजे जगात तीनशेवी असणे हे गुणवत्तेच्या दृष्टीने असामान्य यश, पण व्यवसायाच्या दृष्टीने तोट्याचा धंदा ठरत होता. इतर कोणत्याही पेशात जगातला तीनशेवा मनुष्य पदरचे पैसे घालून काम करीत असेल, असे वाटत नाही. २०२३मध्ये सुमित नागल यांनी, ते भारतात एकेरीत अव्वल असतानाही, आपल्या बँक खात्यात वर्षाच्या सुरुवातीइतकेच, सुमारे ९०० युरो उरले असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. पुढे चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४मध्ये, त्याच खेळाडूने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित अलेक्झांडर बुब्लिक यांना हरवले. वरच्या आणि खालच्या खेळाडूंच्या मिळकतीत जेवढे अंतर आहे, तेवढे त्यांच्या खेळात नाही, हे यावरून दिसते.

भोसले यांनी या अडचणीतून काढलेल्या वाटा नमुनेदार आहेत. पहिली शिक्षणाची: त्या अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठात शिकल्या आणि विद्यापीठाच्या संघातून खेळल्या. महाविद्यालयीन टेनिसमध्ये प्रशिक्षण, मैदान व सामने यांचा भार संस्था उचलते आणि हाती पदवीही येते. किंमत एवढीच, की समवयस्क मुली क्रमवारीचे गुण गोळा करीत असताना ती वर्षे बरीचशी विद्यापीठाला द्यावी लागतात. दुसरी वाट दुहेरीची. दुहेरीत दोघींच्या क्रमांकांची बेरीज करून प्रवेश ठरत असल्याने जोडीदाराची निवड हा स्वतंत्र हिशेब होऊन बसतो, आणि एकेरीत लवकर हरल्यावरही आठवडा वाया जात नाही. तिसरा आधार देशाच्या संघाचा. २०२०मध्ये भारतीय महिला संघाने फेड चषकाच्या जागतिक प्ले-ऑफमध्ये पहिल्यांदाच स्थान मिळवले, त्या संघात त्या होत्या.

एकेरीत पहिल्या दोनशेत नाव नसलेल्या याच खेळाडूने ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. चायनीज तैपेईच्या ल्यांग एन-शुओ व हुआंग त्सुंग-हाओ यांच्याविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेल्यावर या जोडीने दुसरा ६-३ असा घेतला आणि तिसऱ्या सेटऐवजी खेळवला जाणारा दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकला. बोपण्णा त्याच महिन्यात अमेरिकन ओपनच्या पुरुष दुहेरीची अंतिम लढत खेळून आले होते आणि पुढे जानेवारीत दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तेव्हा विजयाचे बरेचसे श्रेय त्यांच्याकडे जाणे स्वाभाविकच होते. मात्र मिश्र दुहेरीत प्रतिस्पर्ध्यांचा डाव कमी क्रमांकाच्या खेळाडूला लक्ष्य करण्याचाच असतो, आणि १०-४ हा आकडा एकट्या जोडीदाराच्या बळावर उभा राहत नाही.

आशियाई स्पर्धेत जागतिक क्रमवारीचे गुण दिले जात नाहीत. त्यामुळे या सुवर्णपदकाने भोसले यांच्या खात्यात एकाही गुणाची भर पडली नाही. त्या पंधरवड्यात मुदत संपणारे जुने गुण मात्र नियमाप्रमाणे त्या-त्या सोमवारी वजा होतच असतात.