रक्त न सांडता

१९८४च्या उन्हाळ्यात अमेरिकेतले आईबाप चिडले होते. ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’मध्ये जिवंत माणसाच्या छातीत हात घालून काळीज उपटलं जातं, ‘ग्रेमलिन्स’मध्ये एक इटुकलं राक्षसी पिल्लू मायक्रोवेव्हमध्ये फुटतं, आणि दोन्हींवर शिक्का ‘पीजी’चा, म्हणजे पालकांच्या सल्ल्याने मुलांनीही पाहावा असा. मधली एखादी पायरी हवी, असं सुचवलं ते स्टीव्हन स्पीलबर्गनेच. पहिला चित्रपट त्याने दिग्दर्शित केलेला, दुसऱ्याच्या निर्मितीतही तो होता. त्याच वर्षी जुलैत ‘पीजी-१३’ आलं, म्हणजे तेरा वर्षांखालच्यांच्या पालकांना सावधगिरीचा इशारा, पण प्रवेश सगळ्यांना. त्याच्या वरचं ‘आर’, म्हणजे सतरा वर्षांखालच्या पोराला सोबत मोठं माणूस हवंच.

मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात भुताचा पिक्चर बघायची हौस असते ती नेमकी तेरा ते सतरा या वयात. त्यामुळे ‘पीजी-१३’चा शिक्का म्हणजे निर्मात्याला हमखास गल्ला आणि रसिकाला मिळमिळीत भयपट, असं समीकरण रूढ झालं. मला ते कधीच पटलं नाही.

१९९९च्या ‘द सिक्स्थ सेन्स’ने जगभरात ६७ कोटी डॉलरच्या वर कमाई केली, तीही ‘पीजी-१३’वर. दोन वर्षांनी ‘द अदर्स’ आला. बंद पडदे, मेणबत्त्या, किल्ल्यांचा जुडगा आणि निकोल किडमनचा ताठरलेला चेहरा. भीती घालायला एवढं पुरलं.

मग २००२चा ‘द रिंग’. हिदेओ नाकाताच्या जपानी ‘रिंगू’वरून गोर व्हर्बिन्स्कीने केलेला. टीव्हीवर विहीर दिसते. विहिरीतून ओल्या केसांनी चेहरा झाकलेली मुलगी वर येते, पडद्याकडे चालत येते आणि चालता चालता काचेतून थेट खोलीत. तिच्या अंगावरून ठिबकतं ते पाणी, रक्त नव्हे. पहिल्या आठवड्याअखेरीस दीड कोटी डॉलर मिळवणाऱ्या या चित्रपटाने दुसऱ्या आठवड्याअखेरीस त्याहून जास्त मिळवले. भयपटाचं सहसा उलटं होतं. इथे पाहून आलेल्यांनीच न पाहिलेल्यांना थिएटरात धाडलं.

यशाचा अर्थ मात्र स्टुडिओंनी भलताच लावला. ‘द फॉग’, ‘व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स’, ‘प्रॉम नाइट’ अशा जुन्या नावांची ‘पीजी-१३’ रूपं एकापाठोपाठ आली. ही तिन्ही पहिल्या आठवड्यात तिकीटबारीवर अव्वल होती आणि तिन्ही लोक विसरले. रक्त काढून टाकलं, पण त्या जागी काही ठेवलंच नाही. दोष रेटिंगचा नव्हता, आळसाचा होता.

जेम्स वॅनने हे ओळखलं. जेमतेम १५ लाख डॉलरांत केलेल्या ‘इन्सिडियस’मध्ये बापाच्या खांद्यामागे एक लालतोंड्या राक्षस क्षणभर दिसतो, तेवढ्यानेच काळजाचा ठोका चुकतो. पुढे २०१३च्या ‘द कॉन्ज्युरिंग’मध्ये त्याने फारसं रक्त दाखवलं नाही, तरी रेटिंग देणाऱ्या मंडळाने ‘आर’ दिलं. चित्रपट सगळाच फार भीतिदायक आहे, हे कारण. याहून मोठी पावती मला ठाऊक नाही. उलट ‘मेगन’ने काही हिंसा छाटून ‘पीजी-१३’ मिळवलं आणि तरीही तो चांगला चालला. त्यातल्या बाहुलीचं नाचत नाचत अंगावर येणं कात्रीला सापडणारं नव्हतंच.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो २०१८चा जॉन क्रॅसिन्स्कीचा ‘अ क्वाएट प्लेस’. आवाज झाला की मरण, एवढाच नियम. गरोदर एव्हलिन कपड्यांचं पोतं ओढत तळघराच्या जिन्यावरून वर येते. पोतं पायरीत अडकतं, ती हिसका देते आणि फळीतला खिळा टोक वर करून उभा राहतो. तिला ते कळत नाही, आपल्याला दिसतं. पुढचा कितीतरी वेळ घरातलं माणूस त्या जिन्याकडे वळलं की आपण पाय आखडून घेतो. शेवटी ती अनवाणी, कळा सुरू झालेल्या अवस्थेत, जिना उतरू लागते. पाऊल खिळ्यावर पडतं. तोंड उघडतं, आणि तिला ओरडता येत नाही.