चढते ती आणि लागते ती

लहानपणी आजीच्या पानाच्या डब्यातलं सुपारीचं ओलं खांड चोरून तोंडात टाकलं होतं. बघता बघता कानशिलं तापली, घसा आवळला, कपाळावर घाम डवरला आणि ओसरीचा खांब फिरायला लागला. अडकित्ता खाली ठेवत आजी आईला म्हणाली, ‘‘अगं, सुपारी लागली याला.’’ चिमूटभर साखर तोंडात घातली, वर गार पाणी पाजलं. ‘चढली’ असं ती म्हणाली नाही. दारू चढते, सुपारी लागते. हा फरक कुणी शिकवावा लागत नाही.

‘लागणं’ म्हणजे बाधणं. ऊन लागतं, घाटात गाडी लागते. कोवळ्या ज्वारीचे पोंगे खाल्ले की जनावराला किराळ लागते, कारण त्या पोंग्यांत विष असतं. या क्रियापदात मौजेला जागाच नाही. इंग्रजीत मात्र दोन्ही गोष्टींना ‘इंटॉक्सिकेशन’ हा एकच शब्द चालतो. ग्रीकमध्ये ‘तोक्सोन’ म्हणजे धनुष्य, त्यावरून बाणाला माखायचं विष ते ‘तोक्सिकोन’, आणि तिथून लॅटिनमार्गे हा शब्द आला. डॉक्टर आजही तो विषबाधेसाठी वापरतात, बाकीचे लोक धुंदीसाठी. मराठीनं विषबाधा आणि नशा यांची घरं वेगळी ठेवली.

‘चढण्या’च्या घरातला मला सर्वांत नेमका वाटणारा शब्द म्हणजे अंमल. मूळ अरबी ‘अमल’ म्हणजे कृती, काम. मराठीत त्याला राज्याचा अर्थ आला. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल, कायद्याची अंमलबजावणी. आणि अफूचाही अंमलच. ठाण्यातला शिपाई पोलीस अंमलदार, आणि तो पकडतो ते अंमली पदार्थ. माणूस शुद्धीवर असो नसो, त्या काही तासांपुरतं त्याच्या देहावर दुसऱ्या कुणाचं तरी राज्य असतं, हे या एका शब्दात आलं.

कैफ त्याहून हळुवार. त्याला पदार्थ लागतोच असं नाही. गाण्याचा कैफ असतो, जिंकल्याचा असतो. दारूचा प्रवास तर उलटाच. फारसीत दारू म्हणजे औषध, आणि आपल्या ‘दवादारू’त ती अजून औषधच आहे. ‘दारूगोळ्या’त तिचा स्फोट होतो.

माज मात्र आतून येतो. हत्तीच्या गंडस्थळातून पाझरतो तो संस्कृत ‘मद’, आणि त्याच धातूपासून प्राकृताच्या वाटेनं आपलं ‘माजणं’ आलं. म्हैस माजावर येते, पावसाळ्यात रान माजतं, पैशानं माणूस माजतो. दारू झोपेत आपोआप उतरते. माज बहुधा कुणाला तरी उतरवावा लागतो.

बातम्यांच्या आणि बोलण्याच्या मराठीत आता या सगळ्यांवर ‘नशा’ पसरली आहे. शब्द गेले याची हळहळ आहेच, पण माझं दुखणं वेगळं आहे. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. ‘दारू पिऊन मेले’ हे वाक्य तेव्हा सर्रास कानावर पडलं. त्या दारूत मिथेनॉल होतं. रंग, थिनर, द्रावक यांसाठी कारखान्यात लागतं ते. यकृतात त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनतं, ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. हे व्हायला वेळ लागतो. पिणारा रात्री झोपतो, उठून कामालाही लागतो. बारा तासांनी, कधी चोवीस तासांनी पोटात कळा येतात, ओकाऱ्या होतात, डोळ्यांपुढे धुकं दाटतं. त्या वेळी दवाखान्यात पोचला तर उतारा देता येतो, डायलिसिसनं रक्तातलं विष काढता येतं. जितका उशीर, तितकी दृष्टी आणि जीव धोक्यात.

आणि नेमक्या त्या वेळी, भिंत चाचपत तो ‘दिसत नाय नीट’ म्हणतो, तेव्हा घरात सवयीचं वाक्य तयार असतं: ‘‘अजून उतरली नाय वाटतं. झोप जरा.’’ माझ्या आजीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहून वेगळं क्रियापद वापरलं असतं.