अंदाजाचं माप : मधुर जाफरी यांची कारकीर्द

सत्तरच्या दशकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत तीन पाकपुस्तकं आली. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’, १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये मधुर जाफरी यांचं ‘ॲन इन्व्हिटेशन टू इंडियन कुकिंग’ आणि १९७४ साली मुंबईच्या तरला दलाल यांचं ‘द प्लेझर्स ऑफ व्हेजिटेरियन कुकिंग’. तिघींचा वाचक वेगळा, तिघींची चूलही वेगळी. काम मात्र एकच होतं. आईच्या किंवा सासूच्या शेजारी उभं राहून शिकण्याची सोय ज्यांना उरली नव्हती, त्यांच्यासाठी हाताचा अंदाज कागदावर आणणं. ‘रुचिरा’ने मराठी घरांत काय केलं, ते आपल्याला माहीत आहे. जाफरी यांनी तेच काम परक्या देशात, परक्या भाषेत आणि पुढे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर केलं. त्यांची कारकीर्द मराठीत जरा सविस्तर सांगावी असं फार दिवस मनात होतं.

जाफरी यांचा जन्म १३ ऑगस्ट १९३३ चा, दिल्लीचा. माहेरचं आडनाव बहादूर, कुटुंब माथुर कायस्थांचं. यमुनेच्या बाजूला आजोबांचं मोठं घर आणि त्यात भरलेलं एकत्र कुटुंब. तान्ह्या मुलीच्या जिभेवर आजीने मधाने ‘ॐ’ काढला, ही आठवण त्यांनी ‘क्लायंबिंग द मँगो ट्रीज’ या बालपणीच्या आठवणींच्या पुस्तकात सांगितली आहे. कायस्थ पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दरबारी नोकरीतले, फारसी-उर्दू शिकलेले. त्यामुळे घरात मुघली वळणाचं मटण आणि हिंदू वळणाच्या भाज्या-डाळी एकाच पंगतीत वाढल्या जायच्या. आपल्याकडच्या सीकेपी घरांत वालाचं बिरडं आणि कोलंबीची खिचडी सारख्याच मानाने नांदतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा मेळ वेगळा समजावून सांगायला नको. फाळणीनंतर दिल्लीत पंजाबी निर्वासित आले आणि त्यांच्याबरोबर तंदूर आला. शाळकरी मधुरने शहराची चव बदलताना पाहिली. मुसलमान, जैन, हिंदू मैत्रिणींनी शाळेत एकमेकींचे डबे खाण्याचे दिवस आणि त्यांच्यात फाळणीमुळे आलेला दुरावा, ही त्या पुस्तकातली सर्वांत चांगली पानं आहेत.

स्वयंपाक मात्र त्यांना येत नव्हता. शाळेत गृहविज्ञानाच्या तासाला इंग्रजी धाटणीचे, आजाऱ्याला द्यावेत तसे मऊ दुधाळ पदार्थ शिकवले जात. परीक्षेत समोर आले बटाटे आणि मसाले, आणि त्या नापास झाल्या. जगाला भारतीय स्वयंपाक शिकवणारी बाई स्वयंपाकाच्या परीक्षेत नापास झालेली होती, हा किस्सा त्यांच्याविषयीच्या जवळजवळ प्रत्येक लेखात येतो. मला त्यातली शिक्षणव्यवस्था जास्त खुपते. ज्या देशात घराघरांत जिऱ्याची फोडणी बसत होती, त्या देशातल्या मुलींना शाळा पांढऱ्या खिरीसारखं काहीतरी ढवळायला लावत होती.

१९५५ साली नाट्यशिक्षणासाठी त्या लंडनला रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या संस्थेत गेल्या. युद्धानंतरचं लंडन. खानावळीत करडं पडलेलं मांस आणि पाण्यात उकडलेला कोबी. त्यांनी आईला पत्र लिहिलं आणि हिंदीतून लिहिलेल्या कृती हवाई टपालाने येऊ लागल्या. कृती अगदी थोडक्यातल्या. आई लिहिते ती तिला स्वतःला जे माहीत आहे ते गृहीत धरून. ‘मसाला नीट परत’ म्हटल्यावर नीट म्हणजे किती वेळ, आच केवढी, रंग कुठला, हे काहीच लिहावंसं वाटत नाही, कारण स्वयंपाकघरात मुलगी शेजारीच असते. इथे ती हजारो मैल दूर होती. तिच्याकडे एकच साधन होतं : तो पदार्थ घरी कसा लागायचा याची पक्की आठवण. करायचं, चाखायचं, आठवणीशी ताडून पाहायचं, पुन्हा करायचं. पुढच्या सगळ्या पुस्तकांची पद्धत याच पत्रांच्या आणि आठवणीच्या मधल्या रिकाम्या जागेत तयार झाली, असं मला ठामपणे वाटतं. आई शेजारी असती, तर त्या उत्तम स्वयंपाक करणारी आणखी एक बाई झाल्या असत्या. लेखिका झाल्या नसत्या.

तरी पुस्तक यायला बरीच वर्षं जायची होती. त्या अमेरिकेत गेल्या, नट सईद जाफरी यांच्याशी लग्न झालं, तीन मुली झाल्या, १९६६ च्या सुमारास ते लग्न संपलं. चित्रपट निर्माते इस्माइल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांची गाठ घालून देण्यात त्यांचा हात होता. या जोडीच्या ‘शेक्सपिअरवाला’मधल्या भूमिकेसाठी १९६५ साली बर्लिनच्या महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. चित्रपटाचा गवगवा व्हावा म्हणून मर्चंट यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे खाद्यसमीक्षक क्रेग क्लेबोर्न यांना गाठलं. ही नटी स्वयंपाकही फार सुरेख करते, तिच्यावर लिहा. १९६६ साली तो लेख छापून आला आणि न्यूयॉर्कमध्ये नटीइतकीच तिच्या स्वयंपाकाचीही चर्चा सुरू झाली. पुढे पुस्तकाचं हस्तलिखित क्नॉफ प्रकाशनाच्या ज्युडिथ जोन्स यांच्याकडे पोचलं. ज्युलिया चाइल्ड यांचं फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक अमेरिकेत आणलं ते याच संपादिकेने. परक्या देशाचं घरगुती जेवण नवख्या माणसाला पायरीपायरीने कसं सांगावं, हे त्यांच्याइतकं त्या काळी फार थोड्या संपादकांना कळत असेल.

या पहिल्या पुस्तकात जाफरी यांनी भारतातल्या सगळ्या जेवणाचा दावा केलाच नाही. मी दिल्लीच्या माझ्या घरचं जेवण सांगते आहे, ही भूमिका त्यांनी उघड घेतली. मला ती फार प्रामाणिक वाटते. वाचकांनी मात्र ती विसरून टाकली आणि दिल्लीच्या कायस्थ घरातलं ताट पश्चिमेत ‘भारतीय जेवण’ म्हणून रूढ होण्यास हातभार लावला. आपल्या भाकरी-पिठल्याला, वरण-भाताला आणि आमटीला त्या ताटात बराच काळ जागा नव्हती. याची खंत मराठी वाचकाला वाटणं साहजिक आहे, पण दोष लेखिकेचा नाही.

१९८२ साली बीबीसीवर ‘मधुर जाफरीज इंडियन कुकरी’ ही मालिका आली. त्या वेळी ब्रिटनमध्ये भारतीय म्हणून ओळखली जाणारी बहुतेक हॉटेलं बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या लोकांची होती. त्यांनी अपार कष्टांनी धंदा उभा केला, पण एका मोठ्या पातेल्यातला रस्सा वेगवेगळ्या नावांनी आणि तिखटाच्या चढत्या पायऱ्यांनी वाढण्याची रीत पडली होती. गोव्याच्या विंदालूचे हाल तर सर्वांत वाईट. व्हिनेगर, लसूण आणि सुक्या मिरचीत मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा हा पोर्तुगीज वळणाचा आंबट-तिखट पदार्थ तिथे जिभेला आग लावण्याची पैज होऊन बसला होता. जाफरी यांनी आपल्या पुस्तकात तो गोव्याच्या पद्धतीचा म्हणून, त्याच्या आंबटपणासकट मांडला.

पडद्यावरचं त्यांचं वागणं आज पुन्हा पाहावं असं आहे. अंगावर साडी, हातांची घाई नाही, आवाज नटीचा. नाटकातल्या शिक्षणाचा खरा उपयोग इथे झाला. पडद्यावरून वास येत नाही आणि चवही कळत नाही. प्रेक्षकाला दिसेल आणि ऐकू येईल एवढंच शिकवता येतं. म्हणून मोहरी तडतडली की पुढचा जिन्नस घाला, कांदा सोनेरी होऊन कडेने तपकिरी दिसू लागेपर्यंत थांबा, मसाल्यातून तेल सुटलं की तो परतून झाला असं समजा, असल्या खुणांवर त्यांचा भर असतो. मिनिटं आणि चमचे दिलेले असतातच, पण शेवटचा शब्द खुणेचा. आपल्या आज्याही हेच सांगायच्या, फक्त त्या माप सांगत नसत. जाफरी यांनी माप दिलं आणि खूणही ठेवली. त्यांच्या पद्धतीची ताकद नेमकी इथे आहे. नुसत्या मापावर चालणारी पुस्तकं उघडून पाहिली की हा फरक लगेच जाणवतो. वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या कांद्याबरोबर ती फसतात.

लिंबू आणि कोथिंबीर घातलेलं चिकन त्यांनी एका भागात दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी मँचेस्टरमधली सगळी कोथिंबीर संपली, ही गोष्ट तिकडे वारंवार सांगितली जाते. सोबतचं पुस्तकही प्रचंड खपलं. भारतातून गेलेल्या पोरींना आपलं जेवण दूरचित्रवाणीवर मानाने मांडलेलं दिसलं, याचं मोल खपाच्या आकड्यांहून मोठं आहे.

पुढची वाटचाल भराभर सांगतो. १९८५ च्या ‘अ टेस्ट ऑफ इंडिया’त त्या प्रांतोप्रांती फिरल्या. १९८९ साली पूर्व आशियातल्या जेवणावर मालिका आली, तर १९९५ च्या ‘फ्लेवर्स ऑफ इंडिया’त केरळ, तमिळनाडू, बंगाल यांच्याबरोबर गोव्यालाही स्वतंत्र स्थान मिळालं. दिल्लीपुरत्या सुरू झालेल्या कामाची हद्द त्यांनी स्वतःच अशी वाढवत नेली. अमेरिकेतले जेम्स बिअर्ड पुरस्कार, २००४ साली ब्रिटनचा सीबीई हा किताब आणि २०२२ साली भारत सरकारचं पद्मभूषण त्यांना मिळालं. पद्मभूषण फार उशिरा आलं, असं माझं मत आहे. अभिनयही सुटला नाही : ‘हीट अँड डस्ट’, ‘सिक्स डिग्रीज ऑफ सेपरेशन’ आणि २०१९ साली झोहरान ममदानी यांच्या ‘नानी’ या रॅप गाण्याच्या चित्रफितीतली बेधडक आजीसुद्धा. त्याच वर्षी, पंच्याऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी विजेच्या प्रेशर कुकरवर करायच्या भारतीय पदार्थांचं पुस्तक काढलं. कुकरची शिट्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला त्यात नवल वाटणार नाही, पण त्या वयात नवं उपकरण घेऊन जुन्या कृतींची मापं पुन्हा बसवायला चिकाटी लागते. पहिल्या पुस्तकाची पन्नास वर्षांनिमित्तची आवृत्ती २०२३ साली निघाली.

मराठी वाचकाने सुरुवात कुठून करावी, असं कोणी विचारलं तर मी पाककृतींचं पुस्तक आधी हातात देणार नाही. आधी ‘क्लायंबिंग द मँगो ट्रीज’ वाचावं, मग १९८२ चं बीबीसीवालं पुस्तक घ्यावं, आणि त्यातली एखादी मटणाची कृती ‘रुचिरा’ शेजारी उघडी ठेवून करावी. कमलाबाई कुठे थांबायला सांगतात आणि मधुर जाफरी कुठे, हे पाहत गेलं की दोघींच्या स्वयंपाकघरांमधलं अंतरही कळतं आणि दोघींनी कोणासाठी लिहिलं तेही.