वड कुठे गेला?

आषाढ आला हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला पंचांगात पाहावे लागत नाही. धर्मपुरीच्या शिवेवर माउलींची पालखी आली, की नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशा एकेका गावाला जाग येत जाते.

2022 साली माळशिरसहून वेळापूरच्या वाटेला लागलो होतो. करोनामुळे त्याआधी दोन वर्षे पायी वारी नव्हती. मधल्या काळात, 8 नोव्हेंबर 2021 रोजी, पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली होती. ज्ञानेश्वरमहाराजांच्या मार्गाचे दिवेघाट ते मोहोळ सुमारे 221 किलोमीटर आणि तुकाराममहाराजांच्या मार्गाचे पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे 130. दोन्ही अंगांना चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट, अशी ती योजना. हेतू चांगलाच, पण रस्ता पुरा होईपर्यंत चालणाऱ्याने काय करायचे?

एका खडीच्या ढिगाऱ्यापाशी एक म्हातारी गाठोडे घेऊन उभी होती. मला पाहताच म्हणाली, "माउली, हितला वड कुठं गेला वं?"

"वड?"

"वडापाशी थांबा, मागनं येतो, असं इनेकरी म्हनला हुता. वडच न्हाई!"

दर वर्षी त्याच वडाखाली तिची दिंडी विसाव्याला टेकायची. रुंदीकरणात तो गेला, हे तिला कोण सांगणार? फलक नव्हते असे नाही. 'काम चालू आहे', 'वळण रस्ता', 'वाहने सावकाश चालवा'! वाचकहो, यातला एक तरी शब्द पायी चालणाऱ्याशी बोलतो का? आणि म्हातारीला अक्षरओळख असती तरी काय मोठा उपयोग झाला असता?

खरे म्हणजे बातमी पोहोचवण्याची जी रीत वारीजवळ आहे, तिचा सरकारी खात्यांनाही हेवा वाटावा. संध्याकाळी पालखी तळावर पोहोचली, की दिंड्या भोवती उभ्या राहतात. टाळमृदंगाने कान दणाणत असतात. चोपदार दंड उंच करून आरोळी देतो आणि तो एवढा अफाट गजर क्षणात थांबतो! ज्या दिंडीला काही गाऱ्हाणे असेल, ती तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात. हरवले-सापडलेले पुकारले जाते, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, मग आरती. ही समाजआरती. वाटेतही दुपारच्या मुक्कामानंतर कर्णा वाजतो, तो ऐकून माणूस उठतो, गाठोडे बांधतो, चालू लागतो.

वारीपूर्वी अधिकारी मार्गाची पाहणी करतात, पालखीप्रमुखांशी बैठका होतात. वाहने कोणत्या बाजूने वळवली, हे वर्तमानपत्रांत छापून येते. माझे म्हणणे एवढेच, की 'उद्याचा अमुक विसावा मोडला आहे, पाणी पुलाच्या अलीकडे मिळेल, डावीकडून चाला' ही दोन वाक्ये रस्त्याच्या साहेबांनी आदल्या दिवशी चोपदारांच्या कानी घालावीत. त्यात खर्च कसला? अर्थात दिंडीबाहेरचे मोकळे वारकरी पुढे निघून गेलेले असतात, त्यांना समाजआरती ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी वळणावर तोंडाने सांगणारा माणूसच उभा करायला हवा. शिवाय दिंडीचा ट्रक वाहनांच्या वळणाने भलतीकडे गेला, तर माणसे एकीकडे आणि जेवण दुसरीकडे!

म्हातारीला घेऊन मी तिची दिंडी शोधत निघालो. रथामागचा क्रमांक तिला पाठ होता, म्हणून बरे. वेळापूरच्या तळावर विणेकरी भेटला. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि तिच्या पाया पडला.

"आज्जी, उद्या चुकायचं न्हाई. निळा पाण्याचा टँकर हाय, तिथं थांबायचं."

म्हातारीने गाठोडे खाली ठेवले. जरा विचार केला.

"आनि टँकर हालला तर?"