खिटी, स्प्रिंग आणि खारं पाणी

पेन कंपनीचं सेनेटर, मासेमारीचं रीळ, मॉडेल ११३, आकार ४/०. न्यू जर्सीत घराजवळच्या एका गराज सेलमध्ये जुन्या पान्यांच्या खोक्यात ते पडलं होतं. काळ्या बेकेलाइटच्या दोन तबकड्या, मधे क्रोम चढवलेली चक्री, बाजूला हँडल आणि हँडलच्या मुळाशी चांदणीच्या आकाराचं एक चाक. हँडल जागचं हलत नव्हतं. क्रोमला जिथे जिथे चीर गेली होती, तिथून आतल्या पितळेचा हिरवा कळंक वर आला होता. समुद्राजवळ राहिलेल्या माणसाला हा रंग ओळखीचा असतो. मुंबईतल्या खिडक्यांच्या कड्यांवर तो मी लहानपणापासून पाहिला आहे. घरी आणून, टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी ते रीळ उघडलं आणि त्या दिवसापासून माझा या यंत्रावर जीव जडला.

ज्यांनी असं रीळ पाहिलेलं नाही त्यांनी विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणावा. चक्री आडवी, दोरी सरळ तिच्यावर येते, चक्री फिरते तशी दोरी गुंडाळली जाते किंवा सुटते. याला कन्व्हेन्शनल रीळ म्हणतात. हल्ली जास्त दिसणाऱ्या स्पिनिंग रिळात चक्री गुंडाळण्यासाठी फिरत नाही, तंगूस काटकोनात वळून तिच्याभोवती वेटोळे घालतो. हलकं आमिष लांब फेकायला ते फार सोयीचं. पण शंभर फूट खोल पाण्यातून भारी मासा उपसायचा, तेव्हा दोरीला वळण नसणं ही मोठी गोष्ट ठरते. जोर सरळ चक्रीवर येतो, चक्रीतून गिअरवर आणि गिअरमधून हातात.

पण रहाट आणि रीळ यांत एक मोठा फरक आहे. घागर उलटी ओढत नाही, मासा ओढतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सांता कॅटालिना बेट आहे. तिथल्या ॲव्हेलॉन गावाजवळ १८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा ब्लूफिन ट्यूना (आपल्या कोळ्यांच्या भाषेत कुपा) दांडी आणि रिळावर पकडला आणि त्याच वर्षी ट्यूना क्लब स्थापन झाला. त्या काळच्या रिळांना आतला ब्रेक नव्हता. मासा पळाला की चक्री उलटी फिरे आणि तिच्याबरोबर हँडलही गरगर उलटं फिरे. चक्री आवरायची ती अंगठ्याखाली दाबलेल्या चामड्याच्या पट्टीने. हँडल बोटांवर आदळून बोटं मोडत आणि त्यावरूनच त्या रिळांना बोटं फोडणारी म्हणत. १९१३ मध्ये विल्यम बॉशन यांनी त्याच कॅटालिनाजवळ ३५५ पौंडांचा तलवार मासा पकडला, तो आत ड्रॅग बसवलेल्या रिळावर. ड्रॅग म्हणजे घसरू देणारा ब्रेक. मासा ओढतो तेव्हा चक्री उलटी फिरते, पण हँडल स्थिर राहतं.

हे कसं होतं, ते रीळ उघडल्यावरच नीट कळतं. हँडल एका पोकळ दांड्यावर बसतं. त्या दांड्यावर मोठा गिअर नुसता अडकवलेला असतो, जखडलेला नसतो. गिअरच्या पोटात वॉशरांची चळत असते: एक घर्षणाचा, एक धातूचा, पुन्हा घर्षणाचा, पुन्हा धातूचा. धातूच्या वॉशरांपैकी काही गिअरला धरून असतात, काही दांड्याला. वरची चांदणी आवळली की सगळी चळत दाबली जाते आणि गिअर व दांडा एकजीव झाल्यासारखे फिरतात. माशाने त्या पकडीपेक्षा जास्त जोर लावला की गिअर वॉशरांवर घसरतो आणि दोरी सुटते. तरीही दांडा उलटा फिरत नाही, कारण त्याच्या मुळाशी दातेरी चाकात एक छोटी खिटी अडकलेली असते. इंग्रजीत तिला डॉग म्हणतात. ही खिटी दात्यात ढकलून धरते ती तारेची एक इवलीशी स्प्रिंग. माझ्या ४/० मध्ये खिटी एकच आहे आणि स्प्रिंगही एकच. पन्नास पौंडांच्या दोरीवर मासा जो काही जोर करील, तो अखेर या नखाएवढ्या तुकड्यावर येऊन थांबतो.

पेन कंपनी काढणारे ओटो हेन्झ जर्मनीतून १९२२ साली अमेरिकेत आले. यंत्रकामाचा कारागीर. फिलाडेल्फियात दुसऱ्या एका रीळ कंपनीत काम करून १९३२ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, त्यांनी स्वतःचा कारखाना सुरू केला. सेनेटर आलं १९३६ मध्ये. खोल समुद्राची चांगली रिळं त्याआधी श्रीमंतांच्या हातात असत. सेनेटर भाड्याच्या बोटीवर जाणाऱ्या साध्या माणसाच्या हातात आलं. १/० पासून १६/० पर्यंत आकार होत गेले, तबकड्या मोठ्या झाल्या, पण आतली मांडणी बहुतेक तीच राहिली. पेन आज प्युअर फिशिंग या मोठ्या कंपनीचा भाग आहे. मला मात्र कंपनीपेक्षा एका साध्या व्यवस्थेचं कौतुक जास्त वाटतं. प्रत्येक भागाला आकडा आहे. ५ म्हणजे मोठा गिअर, १३ म्हणजे पिनियन, २९ म्हणजे चक्री, आणि पुढे मॉडेलचा आकडा. ५-११३ एवढं सांगितलं की दुकानदाराला काय हवं ते समजतं. आजोबांच्या रिळात नातवाने घेतलेला गिअर बसतो.

अशा यंत्राचा भरवसा कशावर ठरतो? बंद खोक्यातून आलेली आणि बिघडली की फेकायची वस्तू कितीही उत्तम असली तरी माझ्या दृष्टीने ती भरवशाची नाही. खाऱ्या पाण्यात प्रत्येक रीळ कधी ना कधी बिघडणारच. प्रश्न एवढाच, की तुम्हाला ते उघडता येतं का.

मीठ आत कसं शिरतं ते सांगतो, कारण बहुतेक रिळं मासा नाही, मीठ मारतं. ओली दोरी चक्रीवर येते ती पाणी घेऊनच. पाणी सुकतं, खार उरतो, आणि तो खार हवेतली ओल ओढून घेत राहतो. जिथे दोन वेगळे धातू चिकटून बसले आहेत तिथे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टेनलेसचा स्क्रू असेल तिथे, खारं पाणी त्या दोघांत विजेचा मार्ग तयार करतं आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी होते, आटे पकडले जातात आणि स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. म्हणून नवं रीळ घेतल्यावरही मी आधी ते उघडतो, प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना समुद्रासाठीचं जाड ग्रीस लावतो आणि मगच ते पाण्यावर नेतो.

समुद्रावरून आल्यावर पुष्कळजण पाइपाचा जोरदार फवारा रिळावर मारतात. त्याने बाहेरचं मीठ फटींतून आत जातं. चांदणी आवळून घ्यावी, म्हणजे वॉशरांत पाणी शिरत नाही, आणि मग गोड पाण्याची हलकी धार सोडावी. मऊ फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, चांदणी पुन्हा सैल करावी. हे शेवटचं काम लोक विसरतात. महिनोन्महिने दाबून राहिलेले वॉशर एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या मोसमात पहिल्याच धावेला ड्रॅग सुटण्याऐवजी अडतो, मग दोरी तुटते. माझ्या रिळात नेमकं हेच झालं होतं. जुने वॉशर फुगून, तुकडे होऊन गिअरला पोळीसारखे चिकटले होते. जुन्या वॉशरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडे खरवडू नयेत. ओले करून काढले आणि त्यांच्या जागी कार्बन फायबरचे घातले. पेनच्या कार्बन वॉशरांना एचटी-१०० असं नाव आहे. त्यांना ड्रॅगच्या ग्रीसचा पातळ हात देऊन ठेवला, की ते पाण्यानेही बिघडत नाहीत आणि उष्णतेनेही.

ही उष्णता थोडीथोडकी नसते. सहा किलोंच्या ओढीने माशाने तीनशे मीटर दोरी नेली, तर वॉशरांत जी ऊर्जा जिरते तिच्यात एका कटिंग चहापुरतं पाणी उकळायला लागेल. आणि चक्रीवरची दोरी संपत जाते तशी ओढ वाढते. चांदणीला हात न लावता चक्रीचा घेर अर्ध्यावर आला की दोरीवरचा ताण दुप्पट होतो. अनुभवी माणूस मासा दूर गेल्यावर ड्रॅग थोडा सैल करतो, नवखा घाबरून आवळतो.

आता त्या खिटीकडे परत येतो. ग्रीस जितकं जास्त तितकं चांगलं, असं वाटून पुष्कळजण खिटीवरही ते लिंपतात. न्यू जर्सीच्या जानेवारीत, कॉडच्या मोसमात, तेच ग्रीस घट्ट होतं. स्प्रिंग खिटीला वेळेवर ढकलू शकत नाही, दाता निसटतो आणि हँडल उलटं फिरतं. शंभर वर्षांपूर्वीचा बोटं फोडणारा काळ परत आल्यासारखा. गिअरला जाड ग्रीस, चक्रीच्या बुशांना पातळ तेल, खिटीला तेलाचा एक थेंब. वर्षातून एकदा, मोसम संपल्यावर, एवढं पुरतं.

पहिल्यांदा रीळ उघडलं तेव्हा स्प्रिंग उडाली. खोलीभर शोधली, चुंबक फिरवला, सापडली नाही. आता मी तबकडी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालूनच उघडतो. आठवड्याने टपालाने नवी स्प्रिंग आली, कागदाच्या छोट्या पाकिटात, गहू मावेल एवढी. चिमट्याने बसवली, खिटी दात्यावर टेकवली आणि हँडल हळूच उलटं दाबून पाहिलं. टक्‌ असा आवाज आला आणि हँडल थांबलं. पुढे फिरवलं तर दाते मोजत गेलं, टक्‌ टक्‌ टक्‌.

चांदणी सैल करून ते कपाटात ठेवलं आहे. शेजारी टपालाचं पाकीट आणि दोन जादा स्प्रिंगा.