मोडण्यासाठी सज्ज केलेली गाडी

रस्त्यावरून बाद झालेल्या मोटारगाड्या एका लहान लंबवर्तुळाकार ट्रॅकवर आणून, एकमेकींना धडका देण्याची मुभा ठेवून ज्या शर्यती लावल्या जातात त्यांना ब्रिटनमध्ये बँगर रेसिंग म्हणतात, आणि आयर्लंड, नेदरलँड्स व बेल्जियम या देशांतही हा खेळ रुजलेला आहे. सुमारे पाव मैलाच्या फेरीत वीस-तीस गाड्या एकाच दिशेने धावतात, वळणावर पुढच्या गाडीला मागून रेटून कठड्यावर घालणे नियमात बसते, मात्र चालकाच्या दारावर जाणूनबुजून धडक मारणे हा गंभीर गुन्हा समजला जातो. दुरून पाहणाऱ्याला हा निव्वळ धुडगूस वाटण्याची शक्यता असते. परंतु कोणती गाडी निवडायची, तिच्यातले काय काढायचे, काय मजबूत करायचे आणि काय मुद्दाम कमकुवत राहू द्यायचे, हे ठरवताना मोटारीच्या रचनेचे जे बारकाईचे ज्ञान लागते ते पाहिले, म्हणजे हा खेळ ट्रॅकइतकाच गॅरेजमध्येही खेळला जातो हे ध्यानात येते.

ब्रिटनमधील स्टॉक कार शर्यतींचा प्रारंभ १९५४ च्या एप्रिलमध्ये, गुड फ्रायडेच्या दिवशी, लंडनमधील न्यू क्रॉस स्टेडियमवर झाला, आणि त्या वेळी धावलेल्या गाड्या युद्धपूर्व काळातील, फारसे मोल न उरलेल्या अशाच होत्या. पुढील काही वर्षांत स्टॉक कार म्हणजे खास बांधलेल्या चौकटीचे, बरेच महागडे यंत्र बनले आणि साधा मेकॅनिक किंवा मालमोटारीचा चालक त्यातून बाहेर पडू लागला. तेव्हा जुनी गाडी स्वस्तात घ्यावी, ती शर्यतीत संपवावी आणि पुढच्या वेळी दुसरी आणावी, ही मूळची कल्पना बँगरच्या रूपाने साठच्या दशकात पुन्हा उभी राहिली. स्टॅफर्डशरमधील हेन्सफर्ड हिल्सचा ट्रॅक एका जुन्या जलाशयाच्या खळग्यात बांधलेला आहे, तर इप्सविचचे फॉक्सहॉल स्टेडियम मुळात मोटारसायकलींच्या स्पीडवे शर्यतींचे मैदान होते. लंडनचे विम्बल्डन स्टेडियम मात्र २०१७ मध्ये या खेळाला कायमचे मुकले, आणि त्या जागेवर आता फुटबॉलचे मैदान व घरे आहेत. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या डिमॉलिशन डर्बीशी या शर्यतीची गल्लत करू नये: डर्बीत फेऱ्या नसतात आणि शेवटपर्यंत हलू शकणारी गाडी जिंकते, बँगर शर्यतीत मात्र फेऱ्या पूर्ण करून पहिले येणे हेच ध्येय असते, जरी अनेक कार्यक्रमांचा शेवट एखाद्या डर्बीनेच होत असला तरी.

निवडीचा पहिला प्रश्न गाडीच्या सांगाड्याचा असतो. मालमोटारीला खाली स्वतंत्र चॅसी असते आणि तिच्यावर केबिन बसवलेली असते. याउलट बहुतेक मोटारगाड्यांत फरशी, खांब, छत आणि पुढचे-मागचे पोकळ पट्टे हे सारे पत्रे वेल्डिंगने एकत्र जोडून एकच भार उचलणारे कवच तयार केलेले असते. अशा गाडीचे बळ दिसणाऱ्या पत्र्यात नसून इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणाऱ्या आणि मागे डिकीखाली संपणाऱ्या त्या पोकळ पट्ट्यांत असते, म्हणून जाणकार खरेदीदार रंगाकडे किंवा आसनांकडे पाहत न बसता गाडीखाली शिरतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पट्टे, दाराखालचे उंबरे आणि सस्पेन्शन टेकणाऱ्या जागा टोचून पाहतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते आणि ते नेमक्या याच ठिकाणी पत्रा खाते. दारे सडलेली असली तरी चालते, कारण ती तशीही चेपणारच असतात. पण मागचा पट्टा सडलेला असेल तर पहिल्याच रेट्यात गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, आस पुढे सरकतो आणि चाक पत्र्याला घासून थांबते.

या कसोटीवर काही गाड्यांची ख्याती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. पिनिन फारिना या इटालियन संस्थेने ज्यांचे बाह्यरूप आखले त्या ऑस्टिन केंब्रिज, मॉरिस ऑक्सफर्ड, वूल्झली, रायली आणि एमजी या गाड्या नावाने पाच असल्या तरी कवचाने जवळजवळ एकच होत्या, आणि १९५८ च्या अखेरीपासून १९७१ पर्यंत बनलेल्या या कुटुंबाचा जाड पत्रा बँगर चालकांना फार भावला. त्यांचेच थोरले भावंड म्हणजे सुमारे तीन लिटर इंजिनाची ऑस्टिन वेस्टमिन्स्टर. मराठी वाचकाला ओळखीची असलेली अ‍ॅम्बॅसडर, जी उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत बनत राहिली, ती मॉरिस ऑक्सफर्डच्या याच्या आधीच्या पिढीवरून आलेली. तेव्हा आपल्याकडील टॅक्सीचालकांनी अनेक दशके ज्या दणकटपणाची वाखाणणी केली त्याची चुलत परंपरा इंग्लंडच्या ट्रॅकवर वेगळ्याच रीतीने पारखली गेली, असे म्हणता येईल. त्यानंतर फोर्ड ग्रॅनडाचा काळ आला: १९७२ ते १९८५ या काळातील तिच्या दोन पिढ्या वजनदार, मागच्या चाकांना गती देणाऱ्या, साध्या यंत्रणेच्या आणि भरपूर संख्येने उपलब्ध होत्या, त्यामुळे दीर्घकाळ मोठ्या गटात तिचेच राज्य राहिले. जॅग्वार एक्सजे वजनाने भारी पण पोटात गुंतागुंतीची, तर व्हॉल्व्हो २४० प्रवाशाभोवतीच्या पिंजऱ्याच्या दृष्टीने उत्तम. शवगाड्या आणि लांब लिमोझिन यांनाही मागणी असते, कारण मागच्या आसापलीकडे लांबवर गेलेला भाग चेपत राहतो तोवर चाक मोकळे फिरू शकते.

गाडी ताब्यात आल्यावर पहिले काम ती रिकामी करण्याचे असते. सर्व काचा, दिवे, आरसे, आसने, गालिचे, छताचे अस्तर आणि प्लास्टिक काढले जाते, कारण काच उडते आणि कापड पेटते. स्टिअरिंगचे कुलूप काढावेच लागते, नाहीतर धक्क्याने ते भर वळणात अडकू शकते. नव्या गाड्यांतील एअरबॅग स्फोटक द्रव्याने उघडत असल्याने त्याही काळजीपूर्वक उतरवल्या जातात. पेट्रोलची मूळ टाकी बहुधा डिकीखाली, म्हणजे मार बसण्याच्या नेमक्या जागी असते, म्हणून ती टाकून देऊन काही लिटर मावेल एवढी लहान धातूची टाकी चालकाच्या मागे, मागच्या आसनाच्या जागी, पक्की आवळली जाते. इंजिनाशेजारची बॅटरीही आत आणली जाते, तिच्या टोकांवर रबराचे आच्छादन घालतात आणि चालकाच्या हाताशी सारा विद्युतप्रवाह तोडणारे बटण देतात. दारे वेल्डिंग करून किंवा साखळदंडांनी बंद होतात, बॉनेट आणि डिकी आवळल्या जातात, आणि पुढच्या काचेच्या रिकाम्या चौकटीत चालकासमोर लोखंडी गज बसतात.

मग मजबुतीचा प्रश्न येतो आणि या खेळाच्या नियमांमागील विचार इथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. चालकाभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्याच्या दाराला जाड पोलादी पट्टी, डोक्याला आधार देणारे एकच आसन आणि अनेक पट्ट्यांचा सुरक्षा पट्टा यांबाबत नियम कडक असतात; परंतु त्या पिंजऱ्याबाहेर, विशेषतः गाडीच्या पुढच्या नाकाला, लोखंड भरून ते भक्कम करण्यावर तितकीच कडक बंधने असतात. धडकेतील ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावीच लागते. पत्रा चेपतो तेव्हा ती पत्र्यात मुरते आणि गाडी थांबायला थोडे अधिक अंतर व थोडा अधिक वेळ मिळतो. नाक न चेपणारे केले तर तीच ऊर्जा समोरच्या चालकाच्या मानेवर आणि बरगड्यांवर जाते, आणि स्वतःच्या चालकालाही झटका अधिक तीव्र बसतो. आपल्या गाडीचे दुबळेपण ही प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता आहे, ही गोष्ट इतक्या रांगड्या खेळाने नियमावलीत लिहून ठेवावी, याचे महत्त्व बाहेरच्या टीकाकारांनी पुरेसे ओळखलेले नाही. शर्यतीपूर्वीची तपासणी करणारे अधिकारी टॉर्च घेऊन नळ्यांचे वेल्डिंग पाहतात तसेच लपवून ठेवलेले लोखंडही शोधतात.

इंजिनाची तयारी वेग वाढवण्यापेक्षा ते चालू ठेवण्यासाठी असते. पुढच्या धडकेत पंख्याची पाती रेडिएटरमध्ये घुसतात आणि पाणी वाहून जाऊन इंजिन तापते, म्हणून छोट्या शर्यतीसाठी यांत्रिक पंखा काढूनच टाकला जातो. इंजिन जागचे हलू नये म्हणून त्याला साखळी घालतात. चाकांवरचे पत्रे आधीच कापून ठेवतात, जेणेकरून ते चेपल्यावर टायरला भिडू नयेत. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत याहून फारसे काही करावे लागत नसे. १९९३ पासून आलेल्या फोर्ड मॉन्डिओसारख्या गाड्यांत मात्र चिप असलेल्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा असते, शिवाय फोर्डच्या अनेक गाड्यांत अपघाताचा धक्का बसताच पेट्रोलचा पंप बंद करणारा एक स्विच असतो. रस्त्यावर जीव वाचवणारी ही सोय बँगरमध्ये पहिल्याच धडकेला गाडी बंद पाडते, म्हणून तो स्विच वगळून चालकाच्या हाताशी असलेल्या बटणावर भिस्त ठेवावी लागते. आजचा बँगर चालक त्यामुळे वेल्डरइतकाच वायरमन झालेला आहे.

या खेळावरील सर्वांत वजनदार आक्षेप जुन्या गाड्यांचे जतन करणाऱ्यांकडून येतो. वेस्टमिन्स्टर, हंबर सुपर स्नाइप किंवा पहिल्या पिढीची ग्रॅनडा आता मोजक्या उरल्या आहेत आणि त्यांतील एकेक ट्रॅकवर संपते तेव्हा ती परत मिळत नाही, हे म्हणणे नाकारता येण्यासारखे नाही. त्यावर बँगर चालकांचे उत्तर असे असते की त्यांच्या हाती येणारी गाडी बहुधा कोठारात वा शेतात सडलेली, दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या कित्येक पट होईल अशी असते, आणि तिची दारे, काचा, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्ड हे सारे शर्यतीपूर्वी काढून जतनकर्त्यांनाच विकले जाते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण सरसकट तथ्य नाही. सांगाडा शाबूत असलेली दुर्मीळ गाडी केवळ गर्दी खेचण्यासाठी ट्रॅकवर आणणे समर्थनीय ठरत नाही, कारण खेळाला तिची गरज नसते. मॉन्डिओच्या धडकेतही तेच कौशल्य लागते. मात्र गाड्यांचा खरा संहार मोजायचा तर २००९ मध्ये ब्रिटिश सरकारने आणलेल्या योजनेकडेही पाहावे लागेल, जिच्यात दहा वर्षांवरील जुनी गाडी मोडीत देऊन नवी घेणाऱ्याला सरकार व उत्पादक यांच्याकडून मिळून २,००० पौंडांची सवलत मिळे. जवळपास ४ लाख गाड्या, त्यांतील कितीतरी चालत्या स्थितीतल्या, तिच्यामुळे भंगारात गेल्या. त्या गाड्या नष्ट करणे बंधनकारक असल्याने त्या ट्रॅकवरही आल्या नाहीत.

एवढी मेहनत केलेली गाडी पुष्कळदा एका संध्याकाळीच संपते, तरीही तिला रंग देण्यात आठवडे घालवले जातात. संघाचे रंग, हाताने रेखलेली अक्षरे, निवर्तलेल्या सोबत्याचे नाव दारावर, आणि फेऱ्या मोजणाऱ्यांना दुरून वाचता यावा म्हणून छतावर उभ्या पत्र्यावर क्रमांक. उत्तम सजवलेल्या गाडीला वेगळे बक्षीसही अनेक ठिकाणी दिले जाते. शर्यत संपल्यावर कवच भंगारवाल्याकडे वजनावर जाते, पण आसन, सुरक्षा पट्टा, पेट्रोलची छोटी टाकी, शक्य झाल्यास पिंजरा आणि वाचलेले इंजिन पुढच्या गाडीत बसते. आता प्रश्न त्या पुढच्या गाडीचा आहे. विजेच्या आणि संकरित गाड्यांच्या फरशीखालची वा डिकीतली उच्च दाबाची बॅटरी चेपली तर लागणारी आग विझवणे कठीण असते आणि ती बॅटरी काढली तर गाडीच उरत नाही, म्हणून या खेळाला येती वर्षे १९९० आणि २००० च्या दशकांतील पेट्रोल गाड्यांवरच काढावी लागतील, आणि त्यांपैकी मीठ खाऊनही ज्यांचे मागचे पट्टे शाबूत राहिले आहेत अशा गाड्या शोधण्यासाठी चालक आजही गाडीखाली शिरून पत्रा टोचून पाहत आहेत.